उद्यानातील संभाव्य धोके

६ जानेवारी
आजपासून रोजनिशी. कारखान्यात सेफ्टी ऑफिसर म्हणून जन्म गेला, तिथे रोज नोंदी असायच्या. निवृत्त झाल्यापासून हात शिवशिवतात. ही वही फक्त माझ्यासाठी आहे. दुसऱ्या कुणी वाचू नये, तसं आत पहिल्या पानावर लिहिलं आहे.

आज दोघंही डॉक्टरबाईंकडे गेलो. माझं बीपी वाढलेलं, हिची झोप गेलेली. हिची मोठी बहीण मध्यंतरी वारली. दोघी रोज संध्याकाळी फोनवर तासभर बोलायच्या. आता त्या वेळेला ही फोनशेजारी नुसती बसते आणि रात्री टक्क जागी असते. डॉक्टरबाई म्हणाल्या, गोळ्यांचं मागाहून बघू, आधी दोघांनी रोज सकाळी उद्यानात जायचं. झाडाखाली बसायचं, फिरायचं, चार माणसांत मिसळायचं. मला वेगळं सांगितलं की तुम्ही तिथे जाऊन काहीही करू नका. माझ्या मुलीच्या वयाची पोर, बोलताना शब्द तोलत नाही. जोरकस व्यायाम करू नका, एवढाच अर्थ मी घेतला.

संकल्प: उद्यापासून रोज पहाटे उद्यान. मार्चपर्यंत बीपी नॉर्मल. हिची झोप फेब्रुवारीतच.

७ जानेवारी
गेलो नाही. योग्य बूट नाहीत. गुळगुळीत तळव्यांनी दवावर चालणं म्हणजे हाडवैद्याला आमंत्रण. दिवस बूट शोधण्यात गेला.

८ जानेवारी
बूट मिळाले. पांढरे. चावतात. आज विश्रांती.

१० जानेवारी, सकाळी ९
गेलो एकदाचा. उद्यान लहान पण झाडी दाट. मधे तळं, भोवती फरशीची वाट. ही दोन फेऱ्या मारून तळ्याकाठच्या बाकावर टेकली. तिथे तीन बायका आधीपासून होत्या. एक निवृत्त मुख्याध्यापिका, त्यांना सगळे हेडबाई म्हणतात. दुसरी शिवणकाम करते. तिसरीचा व्यवसाय कळला नाही, पण तिचं हसणं तळ्याच्या पलीकडे ऐकू येतं. तिघींनी सरकून हिला जागा दिली.

हिरवळ बघितल्याने मन शांत होतं असं पेपरात आलं होतं. म्हणून हिरवळीकडे एकाग्रतेने बघितलं. त्यात पाण्याचा पाइप उघडा पडलेला दिसला. कुणीही अडखळून पडेल. मग वाटेवर वर आलेलं मूळ दिसलं. मग झोपाळ्याची गंजलेली कडी. एकदा नजर बसली की बसली. घरी आलो तेव्हा छाती धडधडत होती. व्यायाम उत्तम झालेला दिसतो.

११ जानेवारी
उद्यान खात्याला पत्र लिहिलं. मुद्देसूद. शेवटचं वाक्य माझं कारखान्यातलंच ठेवलं: सदर बाब आपल्या निदर्शनास आणून दिली असून यापुढे अपघात घडल्यास जबाबदारी आपली राहील. या वाक्यावर एकदा आमचे जनरल मॅनेजर खुर्चीत सरळ बसले होते.

हिला बोललो नाही. चांगलं काम गाजावाजा न करता करावं.

१५ जानेवारी
काल रात्री ही झोपली! खात्री करायला मी दोनदा उठलो. दुसऱ्यांदा टॉर्च मारला, त्यामुळे जागी झाली. तरी एकूण प्रगती समाधानकारक. ही म्हणते, बाकावरच्या बायका काही विचारत नाहीत, सांत्वन करत नाहीत, आपापल्या सुनांबद्दल बोलतात. ते ऐकताना बरं वाटतं. शिवाय झाडावर कुठलासा पक्षी आहे, तो सारखा एकच प्रश्न विचारल्यासारखा ओरडतो. बहिणीला त्याची नक्कल छान जमली असती, असंही म्हणाली. बहिणीचा विषय हिने आपणहून काढला, हे पहिल्यांदाच.

श्रेय माझ्या नियोजनाला द्यावं लागेल.

१९ जानेवारी
खात्याची तत्परता वाखाणण्याजोगी. झोपाळा काढून नेला. मी कडी बदलायला सांगितलं होतं. माळ्याला सहज विचारलं, तर तो म्हणाला, साहेब, कडी बदलायची तर वरून मंजुरी लागते, झोपाळा काढायला काही लागत नाही. कुणीतरी मोठं खरमरीत पत्र धाडलंय, मोठे साहेब घाबरलेत. मी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

झोपाळ्याच्या खांबांभोवती मुलं उभी होती. दोन रडत होती. रडताना पडून इजा झाल्याचं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

२२ जानेवारी
दुसरं पत्र. तळ्याकाठच्या झाडाची एक फांदी बाकाच्या बरोब्बर वर आहे. खाली माझी बायको बसते. यात वैयक्तिक स्वार्थ नाही, इतर तिघीही बसतात.

२८ जानेवारी
फांदी तोडली. फांदीच्या बाजूचं निम्मं झाडही उतरवलं. आता बाकावर स्वच्छ ऊन येतं, ड जीवनसत्त्व मिळेल. चौघी बाक सोडून पलीकडच्या पारावर जाऊन बसल्या. हेडबाई जाता जाता कुणाला तरी शिव्या देत होत्या. शाळेत शिकवलेल्या बाई, पण शब्दसंग्रह वेगळ्याच शाळेतला. तो पक्षी आज दिसला नाही. दुसरीकडे बदली झाली असेल.

हिने मला विचारलं, हे कोण करतंय काही कल्पना आहे का? म्हटलं, कुणीतरी जबाबदार नागरिक असणार.  ही म्हणाली, रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. कुणाला उद्देशून ते कळलं नाही.

३ फेब्रुवारी
आजपासून शिट्टी वापरायला काढली. कारखान्यातली. निवृत्तीच्या दिवशी मी ती परत करत होतो, पण सगळ्यांनी आग्रह करकरून घरी न्यायला लावली. पितळी आहे. सकाळी पैलवान हिरवळीवर शीर्षासन करतो, त्याला पहिली शिट्टी मारली. पैलवान म्हणजे बँकेतला एक जाडजूड कॅशियर, टोपणनाव. दचकून तो कलला आणि शेजारी सूर्यनमस्कार घालणाऱ्या गृहस्थांवर पडला. म्हणजे धोका होताच. वेळीच निदर्शनास आणला.

९ फेब्रुवारी
तळ्याभोवती पत्रे ठोकले. मी कठडा सुचवला होता. पत्र्यांमुळे तळं दिसत नाही, पण बुडण्याचा प्रश्न मिटला. हिरवळीवर पाटी लागली: हिरवळीवर पाऊल ठेवू नये. मुळाजवळ लाल-पांढरी फीत. ती रंगसंगती बघून मला कारखान्याची आठवण आली. डोळे किंचित ओलावले. धूळ असेल.

उद्यानात आज गर्दी कमी. शिस्त वाढली की गर्दी कमी होतेच.

१४ फेब्रुवारी
डॉक्टरबाईंकडे तपासणी. हिची झोप सुधारलेली, वजनही भरलं. माझं बीपी आधीपेक्षा जास्त. डॉक्टरबाईंनी यंत्र बदलून पाहिलं. मी यंत्र शेवटचं केव्हा तपासलं होतं ते विचारलं. मग त्यांनी विचारलं, उद्यानात तुम्ही नक्की करता काय? पत्रं सोडून सगळं सांगितलं. त्यांनी पेनला टोपण लावलं. मग हिला म्हणाल्या, यांना कुठेतरी बसवा हो. ही म्हणाली, लग्नापासून प्रयत्न चालू आहे.

दोघी हसल्या. ही हसलेली मी खूप दिवसांनी पाहिली. विनोद माझ्यावर होता, तरी बरं वाटलं.

संकल्प: यापुढे पाहणी बसून.

१६ फेब्रुवारी
बसून पाहणी केली. बाकाचे स्क्रू सैल आहेत.

२० फेब्रुवारी
शेवटचं पत्र. एकेक बाब कळवत बसण्यापेक्षा एकत्रित अहवाल दिला. नकाशा जोडला, धोक्याच्या जागा लाल शाईने. लाल शाई संपली, हिच्याकडून टिकल्यांचं पाकीट मागून घेतलं आणि टिकल्या चिकटवल्या. हिने विचारलं कशाला, म्हटलं, हिशोबाला. निष्कर्ष: एकंदरीत सदर उद्यान आहे त्या स्थितीत सार्वजनिक वापरास धोकादायक असून त्वरित योग्य ती कार्यवाही व्हावी. आणि माझं नेहमीचं वाक्य.

योग्य ती कार्यवाही म्हणजे दुरुस्ती. कुणालाही कळेल. महिन्याभरात हे शहरातलं आदर्श उद्यान होणार. तेव्हा कदाचित लोकांना माझं नाव कळेल. सत्काराला काय बोलायचं त्याचा विचार करून ठेवतो आहे. थोडक्यात बोलेन.

२५ फेब्रुवारी, सकाळी ७
उद्यानाला कुलूप. फाटकाला साखळी. पाटी: सुरक्षेच्या कारणास्तव पुढील आदेशापर्यंत बंद.

हे अनपेक्षित. खात्याने फार टोकाची भूमिका घेतली आहे.

त्याच दिवशी, १०
फाटकाशी सगळे जमले होते. पैलवान, सूर्यनमस्कारवाले, पोरं, आया, हिच्या बाकावरच्या तिघी. माळी आतून सांगत होता, दुरुस्तीला मंजुरी नाही, बंद करायला लागत नाही. हेडबाई म्हणाल्या, निषेधाचं पत्र लिहायला हवं, कायद्याची भाषा येणारं कुणी आहे का? पैलवानाने माझ्याकडे बोट दाखवलं. हे काका सारखं नियमांवर बोलत असतात म्हणाला.

नाही म्हणणं विचित्र दिसलं असतं. चोराच्या मनात चांदणं, असं कुणी म्हणायला नको. तिथेच उभं राहून निषेध पत्र लिहिलं. हेडबाई सांगत होत्या: कुणा एका अर्धवट माणसाच्या तक्रारीवरून. मी त्याजागी अतिदक्ष नागरिक असं सुचवलं. त्यांनी खोडून पुन्हा अर्धवट करायला लावलं, आणि वर विकृत जोडलं. पहिली सही माझीच झाली. पत्र चांगलं उतरलं आहे. वाचून मला स्वतःलाच त्या माणसाचा राग आला.

ही सगळा वेळ फाटकाच्या गजांना धरून आत बघत होती. 

२ मार्च
ही झोपत नाही. पुन्हा पहिल्यासारखं. सकाळी उठलो तर स्वयंपाकघरात खुर्चीवर बसलेली, समोर गार झालेला चहा. बाकावरच्या बायका आपापल्या घरी आहेत. एकीची सून फोनवर बोलू देत नाही, एकीच्या घरात शिलाई मशीनचा आवाज. उद्यान उघडं होतं तोवर वेळ न ठरवता भेट व्हायची. ठरवून भेटायला निमित्त लागतं, आणि निमित्त कुणाकडेच नाही.

पर्यायी व्यवस्था ताबडतोब करतो आहे.

४ मार्च
गॅलरीत उद्यान उभारलं. पाच कुंड्या, एक खुर्ची. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज लावले, मधेमधे जाहिरात येते. समोरच्या इमारतीची भिंत दिसू नये म्हणून हिरवी ताडपत्री बांधली. कठड्याला टेकू नये अशी छोटी पाटी. हिला नेऊन बसवलं. ही निमूट बसली. कुंड्यांकडे बघितलं, ताडपत्रीकडे बघितलं. मग म्हणाली, छान केलंत. आणि आत जाऊन निजली नाही, नुसती आडवी झाली.

ओरडली असती तर बरं झालं असतं. छान केलंत म्हणाली, त्याचं मला फार वाईट वाटलं. लिहून ठेवतो, कारण कुणाला सांगण्यासारखं नाही.

७ मार्च
मुलीचा फोन. आईचा आवाज ऐकून घाबरली. म्हणाली, मावशी गेली तेव्हासारखा आवाज आहे. बाबा, काहीतरी करा. मी म्हटलं, करतोच आहे. ती म्हणाली, मग करू नका.

घरात सगळ्यांची हीच तक्रार दिसते.

९ मार्च
उद्यान अधिकाऱ्यांना भेटलो. खुर्चीतून उठून त्यांनी नमस्कार केला, चहा मागवला. माझी पत्रं त्यांनी एका वेगळ्या कपाटात ठेवली आहेत. म्हणाले, साहेब, इतकं पक्कं लिहिणारा माणूस पाहिला नाही. तुमचं ते शेवटचं वाक्य वाचलं की मी दाराला आतून कडी घालतो. पेन्शनला वर्ष राहिलंय माझं.

मी म्हटलं, आता उघडा. ते म्हणाले, कसं उघडू? धोकादायक आहे असं तज्ज्ञाने लिहून दिलंय. सुरक्षित आहे असं तज्ज्ञाने लिहून दिलं तरच उघडता येईल, आणि त्या कागदावर अपघात झाल्यास जबाबदारी माझी, असं त्याने लिहायला हवं. दुसरा कुणी कशाला लिहील? तुमच्यासारखा अधिकारी माणूस हाताशी असताना, म्हणाले, आणि बिस्किटं पुढे केली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. एक गोष्ट त्यांना सांगितली नाही. उभ्या नोकरीत मी कशालाही सुरक्षित असं लिहून दिलेलं नाही. फार तर लिहायचो, पाहणीच्या वेळी धोका आढळला नाही. कारखान्याच्या कॅन्टीनलासुद्धा मी ते दिलं नव्हतं. स्वतःच्या घरालाही देणार नाही, बाथरूमची फरशी मला पसंत नाही.

१० मार्च
विचार करतो आहे. मधला मार्ग: सापेक्षतः सुरक्षित. किंवा, बहुतांशी. अधिकाऱ्यांना फोन केला. बहुतांशी चालणार नाही म्हणाले.

११ मार्च
माळ्याने कुलूप काढून एकट्याला आत सोडलं. पुन्हा पाहणी. पाइप उघडा. मूळ जागेवर. स्क्रू सैल. पण धोका एकही नव्हता, कारण माणूसच नव्हतं. कारखान्यात मी हेच म्हणत असे की माणसं नसती तर एकही अपघात झाला नसता. ती आदर्श स्थिती आज प्रत्यक्ष पाहिली. तळ्यावर पत्रे, हिरवळीवर पाटी, पार रिकामा. वाळलेली पानं वाटेवर जमली होती, कारण ती तुडवायला कुणी नव्हतं. मी पारावर बसलो. तिथून काही दिसत नाही, नुसतं झाड. तरी त्या चौघी इथे तास तास बसायच्या.

मला आदर्श स्थिती आवडली नाही.

परत येताना माळी म्हणाला, वहिनींची तब्येत कशी आहे? म्हटलं, तुला काय माहीत? तो म्हणाला, त्यांनीच मागे विचारलं होतं पत्रं कोण लिहितं ते. झोपाळा गेला तेव्हाच. मी ऑफिसात नाव विचारलं आणि सांगून टाकलं, खोटं बोलवेना.

त्याच दिवशी, दुपारी
म्हणजे हिला पहिल्यापासून ठाऊक. झोपाळ्यापासून. फांदी तुटली तेव्हा, पत्रे ठोकले तेव्हा, टिकल्या मागितल्या तेव्हाही. बायका त्या माणसाला शिव्या घालायच्या, तेव्हा ही मूग गिळून शेजारी बसलेली. मी विचारलं, बोलली का नाहीस? ही म्हणाली, हेडबाईंना अजून सांगितलेलं नाही, काळजी करू नका. मला हेडबाईंची काळजी वाटत होती असं हिला का वाटावं? वाटत होती, ते खरं आहे.

मी म्हटलं, एक कागद दिला की उद्यान उघडतं, पण तत्त्वाचा प्रश्न आहे. ही म्हणाली, हो, तुमचं तत्त्व. आणि कूस बदलली. त्यानंतर जेवायलाही उठली नाही.

१२ मार्च, सकाळी ११
लिहून दिलं. सदर उद्यान सुरक्षित आहे. यापुढे अपघात घडल्यास जबाबदारी माझी राहील. सही माझ्यासारखी दिसत नाही. अधिकाऱ्यांनी शाई वाळायच्या आत शिक्का मारला. मी मागून सापेक्षतः शब्द घालायला जागा आहे का विचारलं. कागद कपाटात गेला होता.

बाहेर येऊन पायरीवर बसलो. छाती धडधडत होती. यावेळी व्यायाम नव्हता.

१४ मार्च
उघडलं! पत्रे काढले, पाटी काढली, झोपाळासुद्धा परत आला. आता अपघाताची जबाबदारी माझ्यावर आल्याने अधिकारी फार उत्साहात आहेत. कडी तीच आहे. फाटकावर माझं नाव आणि फोन नंबर लावला: जबाबदार व्यक्ती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हेडबाई म्हणाल्या, त्या अर्धवटाचं नाक कापलंत. मी नाकाला हात लावला.

ही पारावर जाऊन बसली. तिघींच्या मधे. हसण्याचा आवाज तळ्यापलीकडे आला. दोन आवाज होते, दुसरा हिचा.

१८ मार्च
जबाबदारी मोठी आहे. एक पोरगं जरी पडलं तरी माझ्या नावावर. पहाटे सगळ्यांच्या आधी जातो, मुळापाशी उभा राहतो. झोपाळ्याजवळ शिट्टी. हिरवळीवर शिट्टी. हेडबाईंची बुटाची नाडी सुटली होती, शिट्टी. बदकांना शिट्टी, त्यांना पोहता येतं हे नंतर लक्षात आलं. ही झोपते, पण पहाटे मी उठतो तेव्हा तीही जागी होते आणि विचारते, आजही सगळीकडे फिरणार? म्हटलं, दुसरं कोण आहे?

बीपी तपासायला वेळ नाही.

२३ मार्च
पहिली अधिकृत तक्रार आली. हिच्याकडून. चहाच्या वेळी म्हणाली, फाटकावर तुमचं नाव आहे, तर तक्रार तुम्हालाच द्यायला हवी ना? म्हटलं, जरूर. वही काढली. घरातली असली तरी पद्धत पाळली पाहिजे.

तक्रार: उद्यानात एक माणूस लोकांना त्रास देतो. वर्णन: उंच, हडकुळा, पांढरे बूट, ते चावत असावेत कारण चालताना कलतो. गळ्यात शिट्टी. पोरांपासून बदकांपर्यंत सगळ्यांना सावकाश, सावकाश म्हणत फिरतो. तो आला की बायकांचं बोलणं तुटतं.

मी विचारलं, कधीपासून? म्हणाली, खूप वर्षांपासून. म्हटलं, मग आजवर नोंद का नाही केली? म्हणाली, माणूस वाईट नाही. मी विचारलं, त्याच्यावर काय कारवाई अपेक्षित आहे? हद्दपार करायचं का? म्हणाली, नको. त्याने एक दिवस पारावर येऊन माझ्या शेजारी गप बसावं. तेवढं झालं तरी पुरे.

लिहून घेतलं. वर्णनावरून माणूस लक्षात येत नाही. शिट्टीवाला माझ्याखेरीज दुसरा मी तरी तिथे पाहिलेला नाही. पाळत ठेवावी लागेल.

२४ मार्च, सकाळी १०
पाळत ठेवली. संशयिताला सुगावा लागू नये म्हणून शिट्टी घरी ठेवून गेलो, बूटही जुने घातले. हिच्या शेजारी पारावर बसलो. पत्रे गेल्यापासून तिथून सगळं उद्यान नजरेत येतं. तिघी बायकांना एकदम कामं आठवली, उठून गेल्या. हेडबाईंनी जाताना माझ्या खांद्यावर थोपटलं. का, ते कळलं नाही.

बराच वेळ कुणी आलं नाही. मला उठून पलीकडे बघून यावंसं वाटलं, पण ही बोलायला लागली होती. बहिणीबद्दल. दोघी लहानपणी एका फांदीवर बसून शाळा बुडवायच्या, ते मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत तिने मला सांगितलं नव्हतं, किंवा सांगताना मी कुठेतरी बघत असेन. शेवटचा फोन हिने उशिरा केला, बहीण तोवर झोपली होती, तेही सांगितलं. मी काही सुचवलं नाही. सुचलंच नाही. 

मग ही बोलायची थांबली. बघतो तर माझ्या दंडावर डोकं ठेवून झोपलेली. भर सकाळी, उघड्यावर, तोंड थोडं उघडं ठेवून, गाढ. एक चेंडू माझ्या पायाशी आला, मागोमाग पोरगं मुळावरून उडी मारत आलं. मी सावकाश म्हणणार होतो. म्हटलं असतं तर ही जागी झाली असती. पोरगं चेंडू घेऊन गेलं. पडलं नाही. पलीकडे पैलवान शीर्षासनात होता, बदकं पाण्यात होती, झोपाळा चालू होता. मी कुणालाच काही म्हटलं नाही आणि कुणालाच काही झालं नाही. पारावरची बाई अर्धा तास झोपली.

संशयित कोण, ते त्या अर्ध्या तासात लक्षात आलं. नोंद करायला पेन खिशात होतं, पण त्या बाजूचा हात हिच्या डोक्याखाली होता, मुंग्या आल्या तरी हलवला नाही.

आता घरी आहे, हात मोकळा आहे. तक्रारीत तथ्य आढळलं.